एकोणचाळीस अंकांची एक मूळ संख्या



१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ही संख्या पाठ करण्याची गरज नाही. दोनाचा १२७ वा घात करावा व त्यातून एक वजा करावा, की ती हाती येते. एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही. म्हणजे ती मूळ संख्या आहे.

मेर्सेन नावाच्या फ्रेंच ख्रिस्ती यतीने १६४४ साली अशा घातांची एक यादी दिली होती. तीत १२७ होता. पण ६७ हाही होता, आणि तेथे तो फसला. यादी देणे निराळे व सिद्ध करणे निराळे. सिद्धतेसाठी १८७६ साल उजाडावे लागले, आणि ती दिली एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने.

भागाकार करून हे ठरवता आले नसते काय? या संख्येचे वर्गमूळच २० अंकी आहे. दर सेकंदास एक याप्रमाणे तिथपर्यंतचे सारे भाजक तपासू म्हटले, तर ४०० अब्जांहून अधिक वर्षे लागतील! ल्यूकाने ती वाटच सोडली. त्याची रीत ३१ या लहान संख्येवर पाहू. ३१ म्हणजे दोनाचा पाचवा घात उणे एक. चारापासून आरंभ करावा. वर्ग करून दोन वजा करावे, आले १४. १४ चा वर्ग १९६, उणे दोन १९४. त्यास ३१ ने भागून बाकी ८. आठाचा वर्ग ६४, उणे दोन ६२, बाकी शून्य. घाताहून दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आले, तेव्हा ३१ मूळ ठरली. रीतीला हे सुटसुटीत रूप पुढे लेमर यांनी दिले. आपल्या संख्येसाठी अशा १२५ पायऱ्या लागतात.

द्विमान पद्धतीने लिहिल्यास ही संख्या म्हणजे ओळीने १२७ एके. त्यामुळे तिने भागताना खरा भागाकार करावाच लागत नाही. उजवीकडचे १२७ अंक ठेवून डावीकडचा भाग त्यांत मिळवला, की काम भागते. (चकत्या एका खुंटीवरून दुसरीवर नेण्याचा ‘हनोईचा मनोरा’ हा खेळही ल्यूकाचाच, १८८३ सालचा. त्यात १२७ चकत्या घेतल्या, तर किमान चाली नेमक्या या संख्येइतक्याच होतात.)

या कसोटीची एक गंमत अशी, की संख्या मूळ नसेल तर ती तसे सांगते, परंतु अवयव सांगत नाही. घात ६७ असलेली संख्या मूळ नाही, हे ल्यूकानेच दाखवले. तिचे १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे अवयव मात्र अमेरिकेतील कोल यांनी १९०३ मध्ये मांडले.

ल्यूकाची संख्या १९५१ पर्यंत ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी होती. नंतर यंत्रे आली. २०२४ मध्ये १३,६२,७९,८४१ या घाताची मूळ संख्या सापडली. तिचे अंक चार कोटींहून अधिक आहेत, आणि तिची खातरजमा झाली ती याच वर्ग करून दोन वजा करण्याच्या रीतीने.