सूची, संशोधनपत्रिका आणि अमेरिकेचा इतिहास

युनायटेड स्टेट्सच्या इतिहासाचा अभ्यास करू पाहणाऱ्या संशोधकाला साधनांच्या दुर्मिळतेपेक्षा त्यांची विपुलता अधिक अडचणीत टाकते. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज या गावी 1639च्या सुमारास छापखान्याचे काम सुरू झाले, आणि तेव्हापासून प्रवचने, कायदे, पंचांगे, वृत्तपत्रे, मासिके आणि सरकारी अहवाल यांचा देशात इतका संचय झाला की, एखाद्या प्रश्नावर आपल्याआधी कोणी काय लिहिले आहे, हे शोधून काढणे हेच स्वतंत्र शास्त्र होऊन बसले. या शास्त्राची दोन प्रमुख अंगे आहेत. लेखनाचा ठावठिकाणा विषयवार किंवा लेखकवार नोंदवणारी संदर्भसूची हे पहिले अंग, तर नवे संशोधन तज्ज्ञांकडून तपासून घेऊन ठरावीक काळाने प्रसिद्ध करणारी संशोधनपत्रिका हे दुसरे. ही दोन्ही साधने कोणत्यातरी काळात, कोणाच्यातरी निवडीने, काही घेऊन आणि काही गाळून घडलेली आहेत. त्यामुळे जो त्यांचा उपयोग करतो त्याने त्यांचाही इतिहास जाणून घेतला पाहिजे, हे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

अमेरिकेतील नियतकालिक-सूचीचा आरंभ एका विद्यार्थ्याच्या हातून झाला. विल्यम फ्रेडरिक पूल हे येल महाविद्यालयात शिकत असताना तेथील विद्यार्थी-मंडळाच्या ग्रंथालयात साहाय्यक म्हणून काम करत. वादसभेची आणि निबंधांची तयारी करणारे विद्यार्थी संदर्भ विचारत, ग्रंथालयात मासिकांचे बांधीव खंड ओळीने उभे असत, परंतु त्यांत काय आहे हे सांगणारे साधन नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी पूल यांनी केलेली विषयसूची 1848 मध्ये छापली गेली, तिची वाढीव आवृत्ती 1853 मध्ये निघाली, आणि अनेक ग्रंथालयांनी आपापल्या वाट्याची मासिके वाचून पाठवलेल्या नोंदींच्या बळावर 1882 मध्ये तिसरी, भव्य आवृत्ती सिद्ध झाली. पुरवण्या धरून या सूचीत 1802 ते 1906 या काळातील नियतकालिके येतात, आणि एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन सुशिक्षित वर्ग कोणत्या प्रश्नांवर वाचत आणि वाद घालत होता हे पाहण्यासाठी आजही तिच्याकडेच वळावे लागते.

या सूचीची रचना समजून घेतल्याशिवाय मात्र तिचा उपयोग करता येत नाही. तिच्यात नोंदी विषयवार आहेत. लेखकाचे नाव ठाऊक असेल तेथे कंसात दिलेले आहे, परंतु त्या काळातील कित्येक लेख निनावी छापले जात असल्यामुळे लेखकाच्या नावाने शोध घेण्याची सोय मुळात नव्हती, आणि लेखकांची एकत्रित सूची 1971 मध्ये वेगळी छापावी लागली. त्याहून मोठी अडचण वर्षाची आहे, कारण नोंदीत मासिकाचा खंड आणि पृष्ठ एवढेच दिलेले असून, तो खंड कोणत्या वर्षाचा हे सूचीतील कालदर्शक कोष्टकावरून काढावे लागते. नवखा अभ्यासक येथेच चुकतो: खंडाचा आकडा उतरवून घेतो, कोष्टक पाहत नाही, आणि यादवी युद्धापूर्वीचा लेख युद्धानंतरचा समजून त्यावर निष्कर्ष उभारतो.

पूल यांच्याच हाताखाली बोस्टन अथेनियम या ग्रंथालयात चार्ल्स इव्हान्स हा तरुण कामाला लागला, आणि पुढे त्याने आपले आयुष्य एकाच संकल्पाला वाहिले. 1639 पासून पुढे अमेरिकेत छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची, पत्रकाची आणि नियतकालिकाची कालानुक्रमाने नोंद करणारा त्यांचा ग्रंथसंच 1903 पासून प्रसिद्ध होऊ लागला. 1935 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा बारा खंड पूर्ण झाले होते. अठराव्या शतकाची अखेर गाठणारा तेरावा खंड क्लिफर्ड शिप्टन यांनी 1955 मध्ये प्रसिद्ध केला. जोसेफ सॅबिन यांनी 1868 मध्ये सुरू केलेला, अमेरिकेविषयीच्या ग्रंथांचा कोश असाच त्यांच्या मृत्यूनंतर इतरांनी चालवला आणि 1936 मध्ये 29 खंडांत पूर्ण केला. ज्या कामाचा शेवट आपल्या हयातीत दिसणार नाही ते हाती घेणारी ही माणसे होती, आणि वसाहतकाळाविषयी आज ठामपणे बोलता येते त्याचे मोठे श्रेय त्यांच्या पदरी घातले पाहिजे.

संशोधनपत्रिकांचा उदय इतिहास हा विद्यापीठीय व्यवसाय होण्याशी जोडलेला आहे. 1884 मध्ये न्यू यॉर्क राज्यातील सॅराटोगा येथे ‘अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन’ या संस्थेची स्थापना झाली. उपरोक्त पूल हेही पुढे तिचे अध्यक्ष झाले, यावरून सूचीकार आणि इतिहासकार यांच्यात त्या पिढीला फार अंतर वाटत नव्हते असे दिसते. 1895 मध्ये सुरू झालेल्या ‘अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू’ या त्रैमासिकाचे पहिले संपादक जे. फ्रँकलिन जेमसन यांनी मूळ साधनांचा आधार, तळटिपांची शिस्त आणि नव्या ग्रंथांची सविस्तर परीक्षणे यांवर भर दिला. पूर्वेकडील विद्यापीठांच्या वर्चस्वाबाहेर, नेब्रास्कातील लिंकन शहरी 1907 मध्ये मिसिसिपी खोऱ्याच्या इतिहासाला वाहिलेली संस्था निघाली. तिचे 1914 मध्ये सुरू झालेले त्रैमासिक 1964 मध्ये ‘जर्नल ऑफ अमेरिकन हिस्टरी’ झाले आणि आज ते या क्षेत्रातील प्रमुख पत्रिका मानले जाते. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथील ‘विल्यम अँड मेरी क्वार्टर्ली’ 1892 पासूनचे असले, तरी 1944 मध्ये तिसरी मालिका सुरू झाल्यापासून ते आरंभीच्या अमेरिकेच्या अभ्यासाचे मुख्य पीठ बनले. येथे मालिका या शब्दाचा तांत्रिक अर्थ लक्षात ठेवावा लागतो: नव्या मालिकेत खंडांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे मालिकेचा उल्लेख नसलेला संदर्भ वाचकाला पन्नास वर्षे दूरच्या खंडाकडे पाठवू शकतो.

पत्रिका वाढल्या तशी त्यांच्यातील लेखांच्या वार्षिक नोंदीची गरज भासू लागली, आणि ‘रायटिंग्ज ऑन अमेरिकन हिस्टरी’ ही वार्षिक सूची 1902 या वर्षाच्या साहित्यापासून सुरू झाली. 1906 ते 1940 या वर्षांच्या सूची ग्रेस गार्डनर ग्रिफिन यांनी तयार केल्या. एका व्यक्तीने जवळजवळ साडेतीन दशकांचे साहित्य एकाच दृष्टीने नोंदवल्यामुळे त्या खंडांना विलक्षण एकसूत्रता आली आहे. परंतु 1904 आणि 1905, तसेच 1941 ते 1947 या वर्षांचे खंड निघालेच नाहीत. याचा अर्थ असा की, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लेखन शोधणाऱ्याला सूचीत काही सापडले नाही, तर त्या काळात काही लिहिलेच गेले नाही असा तर्क त्याला करता येणार नाही. त्याने पत्रिकांच्या स्वतःच्या वार्षिक अनुक्रमणिका एकेक करून पाहिल्या पाहिजेत.

अशा रिकाम्या जागा केवळ साधनांच्या अभावाने पडतात असे नाही, तर संपादकीय दृष्टीमुळेही पडतात, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण पुनर्रचनेच्या कालखंडाच्या इतिहासलेखनात आढळते. पुनर्रचना म्हणजे यादवी युद्धानंतरचा 1865 ते 1877 हा काळ, ज्यात गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांना नागरिकत्व आणि मताधिकार देण्याचा घटनात्मक प्रयत्न झाला. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, तो याच कालखंडात. परंतु पुढे कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य यांनी हा प्रयोग भ्रष्ट आणि अनर्थकारक होता असे चित्र रंगवले, आणि तेच दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. या मताला डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी ‘अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन’च्या 1909च्या अधिवेशनात वाचलेल्या निबंधाने छेद दिला. पुनर्रचनेच्या काळातील शासनांनी दक्षिणेत लोकशाही राज्यव्यवस्था, मोफत सार्वजनिक शाळा आणि नवे सामाजिक कायदे आणले, असे त्यांनी साधार मांडले. हा निबंध 1910 मध्ये ‘अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू’मध्ये छापला गेला, परंतु कृष्णवर्णीयांचा निर्देश करणारे समूहनाम थोरल्या अक्षराने छापावे ही लेखकाची विनंती संपादकांनी मानली नाही. त्याच विषयावरील डू बॉइस यांचा बृहद्ग्रंथ 1935 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचे परीक्षणही त्या पत्रिकेने छापले नाही. ज्याने केवळ हीच एक पत्रिका चाळली असेल, त्याच्या दृष्टीने तो ग्रंथ जणू लिहिलाच गेला नव्हता.

ही उणीव ओळखून वेगळे पीठ उभारण्याचे काम कार्टर वुडसन यांनी केले. गुलामगिरीत जन्मलेल्या आईवडिलांच्या पोटी आलेल्या आणि हार्वर्डमधून इतिहासाची डॉक्टरेट मिळवलेल्या वुडसन यांनी 1915 मध्ये स्वतंत्र संस्था आणि जानेवारी 1916 मध्ये ‘जर्नल ऑफ नीग्रो हिस्टरी’ हे त्रैमासिक सुरू केले. आज ते ‘जर्नल ऑफ आफ्रिकन अमेरिकन हिस्टरी’ या नावाने निघते. त्यात केवळ लेख नव्हते, तर मूळ दस्तऐवजही छापले जात, आणि पुढे गुलामगिरीचा इतिहास नव्याने लिहिणाऱ्या पिढीला हे साहित्य आयते हाती लागले. म्हणून वादग्रस्त विषयाचा अभ्यास करताना प्रस्थापित पत्रिकेबरोबर तिच्या समकालीन पर्यायी पत्रिका वाचणे हे संशोधनपद्धतीचे अंगच मानले पाहिजे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूचीच्या जोडीला सारांश आला, आणि लेख कोठे आहे याबरोबर त्यात काय प्रतिपादन आहे हेही दोन-चार वाक्यांत कळू लागले. जर्मनीतून अमेरिकेत आश्रयाला आलेले एरिक बोम यांनी 1955 मध्ये व्हिएन्ना येथून ‘हिस्टॉरिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’ सुरू केले, आणि 1964 मध्ये युनायटेड स्टेट्स व कॅनडा यांच्यासाठी ‘अमेरिका : हिस्टरी अँड लाइफ’ ही स्वतंत्र सूची काढली. निरनिराळ्या भाषांतील पत्रिकांचे सारांश त्यात इंग्रजीत मिळू लागले. आता ऑनलाइन असलेल्या या सूचीत प्रकाशनाच्या वर्षाखेरीज लेख ज्या काळाविषयी आहे त्या काळावरूनही शोध घेता येतो. 1830 ते 1840 या दशकाविषयी गेल्या वीस वर्षांत काय लिहिले गेले, असा प्रश्न तिला विचारता येतो.

याउलट 1995 मध्ये मेलन फाउंडेशनच्या पुढाकाराने आलेल्या ‘जेस्टोर’मध्ये पत्रिकांचे जुने अंक पहिल्या पानापासून पूर्णपाठासह वाचायला मिळतात. यामुळे सूची कालबाह्य झाली असा समज पसरला, पण तो टिकणारा नाही. पूर्णपाठातील शोध छापलेला शब्द जुळवतो, तर सूचीकार लेख वाचून त्याचा विषय ठरवतो. अठराव्या शतकातील छपाईत ‘एस’ हे रोमन अक्षर शब्दाच्या आरंभी व मध्ये ‘एफ’सारखे दिसणारे लांबट वापरले जाई, ते यंत्राकडून चुकीचे वाचले जाते, आणि काँग्रेस हा शब्द शोधणाऱ्यापुढे तो शब्द असलेली पानेच येत नाहीत.

महाराष्ट्राशी थेट संबंध असलेले एक उदाहरण हीच गोष्ट अधिक जवळून दाखवते. आनंदीबाई जोशी यांनी 1886 मध्ये फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. त्यांच्याविषयीचे अमेरिकन लेखन आजच्या रूढ इंग्रजी वर्णलेखनाने शोधल्यास त्यातील बरेचसे निसटते, कारण त्या काळी त्यांचे नाव ‘आनंदाबाई’ असे, आणि आडनाव अखेरीस दुहेरी ‘ई’ घालून लिहिले जाई. 1888 मध्ये कॅरोलिन डॉल यांनी लिहिलेल्या चरित्राच्या शीर्षकातही हेच रूप आहे. शोधकाने जुने वर्णलेखन, महाविद्यालयाचे नाव, अधिष्ठाता रेचेल बॉडली यांचे नाव आणि ‘हिंदू’ या शब्दाचे तत्कालीन इंग्रजी रूप अशा चार वाटांनी जावे, आणि पंडिता रमाबाईंच्या 1886 मध्येच सुरू झालेल्या अमेरिकेतील वास्तव्याविषयीचे लेखनही सोबत तपासावे, तरच हाती काही भरीव लागते.

विषयशीर्षकांचीही हीच कथा आहे. विषयशीर्षक म्हणजे ग्रंथालयाने एका विषयासाठी ठरवून दिलेला एकच प्रमाण शब्द. 1942 पासून जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून हलवून छावण्यांत डांबले गेले. काँग्रेस ग्रंथालयाच्या शीर्षकांत या घटनेला अनेक दशके स्थलांतर व पुनर्वसन असे नाव होते, ते 2021 मध्ये सक्तीचे निष्कासन व स्थानबद्धता असे बदलण्यात आले. जुन्या छापील सूचीत शोधणाऱ्याला जुने शीर्षक ठाऊक असावे लागते, आणि ते तसे का होते याचा विचारही त्याने करावा लागतो, कारण सरकारच्या भाषेचे ओझे सूचीने किती काळ वाहिले हे त्यातून उघड होते.

या सर्वांतून कामाचा एक क्रम निघतो. प्रथम एखाद्या प्रमाण मार्गदर्शक ग्रंथावरून विषयाची चौकट समजून घ्यावी. नंतर सारांश-सूचीतून अलीकडचे लेखन गाठावे आणि त्याच्या तळटिपांवरून मागे जावे. त्यापुढे जुन्या सूची त्यांच्या काळाच्या शब्दांनी पाहाव्यात. आणि अखेरीस पूर्णपाठाचा शोध पडताळणीसाठी वापरावा. प्रत्येक पायरीवर सूचीची व्याप्ती, तिची वर्षे आणि तिने वगळलेली नियतकालिके टिपून ठेवावीत, कारण आपल्याला काय सापडले नाही याचे कारण सांगता येणे ही संशोधकाची जबाबदारी आहे.

मराठीलाही या परंपरेचा परिचय आहे. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1950 या काळातील मराठी ग्रंथांची दोन भागांत केलेली सूची इव्हान्स यांच्या कामाच्या जातकुळीची आहे, आणि तिच्यावाचून एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा अभ्यास करणे दुष्कर झाले असते. अमेरिकेच्या अनुभवाचे सार असे की, पूल यांची सूची अनेक ग्रंथालयांनी वाटून घेतलेल्या कामातून मोठी झाली, आणि इव्हान्स व सॅबिन यांचे काम पुढच्या पिढीने पुरे केले. मराठी नियतकालिकांतील लेखांची विषयवार, सारांशयुक्त आणि सातत्याने अद्ययावत राहणारी सूची हवी असेल, तर विद्यापीठांनी सूचीकार्याला संशोधनाचा दर्जा द्यावा, ग्रंथालयांनी नियतकालिके आपसांत वाटून घ्यावीत, आणि एका व्यक्तीच्या हयातीपलीकडे ते काम चालेल अशी तरतूद आरंभीच करावी. आधीच्यांनी काय लिहिले आणि कोणाचे लेखन दृष्टीआड गेले हे ज्या समाजाला शोधता येते, त्यालाच आपला इतिहास दुरुस्त करता येतो.