मुलाच्या वागण्यामागील मन
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



पदविकेच्या परीक्षेसाठी आपण सर्वांनी फ्रॉइडचे नाव पाठ केले आणि परीक्षा संपताच ते विसरलो. मीही त्यांतलाच. आज त्या विचाराकडे वर्गाच्या दारातून पुन्हा पाहावे, एवढाच माझा हेतू आहे.

सिग्मंड फ्रॉइड (१८५६-१९३९) हे व्हिएन्ना येथील वैद्य. त्यांच्या विचारातून निघालेल्या मनोगतिक दृष्टिकोनाचे सार असे की, मनाचा थोडा भाग जाणिवेत व मोठा भाग नेणिवेत असतो. १९२३ साली त्यांनी मनाचे तीन घटक मांडले. तत्काळ सुख मागणारा तो इदम्. आईबाप व गुरुजन यांच्या शिकवणुकीतून घडलेला, बरेवाईट सांगणारा तो पराहम्. आणि या दोहोंचा बाहेरच्या जगाशी मेळ घालणारा तो अहम्. मेळ बसेना म्हणजे चिंता उत्पन्न होते व अहम् नकळत बचावाचे मार्ग योजतो. दुःखद गोष्ट जाणिवेबाहेर लोटणे हे दमन. घरी मार खाल्लेल्या मुलाने शाळेत दुबळ्यास बडविणे हे विस्थापन. संकटात पूर्वीच्या लहानपणाकडे परतणे हे प्रतिगमन. या मार्गांचे विवेचन फ्रॉइड यांच्या कन्या अ‍ॅना यांनी १९३६ च्या ग्रंथात केले. त्या प्रारंभी प्राथमिक शिक्षिका होत्या, हे आपण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी दुसरीतला एक मुलगा, वाचनात हुशार, एकाएकी बोबडे बोलू लागला, अंगठा चोखू लागला. मी ते ढोंग समजून त्यास छडी मारली. पुढे त्याची आजी भेटली. म्हणाली, "गुरुजी, घरात पाळणा हलला तवापासनं पोर असं करतंय." मी खजील झालो. मूल आईबापांविषयीच्या भावना शिक्षकाकडे वळविते. यास संक्रमण म्हणतात. घरी मागे पडलेल्या त्या मुलास मीही दूर लोटले होते. वर्ष संपेपर्यंत तो माझ्यापुढे मोठ्याने वाचला नाही.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. फ्रॉइड यांची अनेक मते आजचे मानसशास्त्र जशीच्या तशी स्वीकारीत नाही. आपण वैद्यही नव्हे. म्हणून मुलावर कोणताही शिक्का मारू नये. त्रास फार दिवस टिकला, तर पालकांशी बोलून तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. छडी गेली, हे योग्यच झाले. परंतु तिच्या जागी टोचून बोलणे येऊ नये. एक प्रश्न यावा : हे मूल असे का वागत असेल? उत्तर नेहमी मिळेलच असे नाही. तथापि तो प्रश्न मनात असलेला शिक्षक मुलाला दूर लोटणार नाही.