चांदणीला हे नाव कशाला?

आज आम्ही आभाळातल्या एका चांदणीची गोष्ट सांगणार आहोत, आणि तिच्या नावाबद्दल आमची एक तक्रारही. बचत गटाच्या बायांना आभाळाचं काय पडलंय, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. भास्कराचार्यांनी पृथ्वीच्या मध्यरेखेवरची गावं सांगितली, त्यात वत्सगुल्म आहे. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम.

फुगडी आपण सगळ्यांनी घातली आहे. अंग मागं टाकून, हात ताणून फिरताना वेग बेताचा असतो. तेच जवळ आलो की गरगर वाढते. मोठ्या ताऱ्याचं असंच होतं. सूर्याहून आठ-दहा पट जड असलेल्या ताऱ्याचं इंधन संपलं की त्याचा स्फोट होतो. बाहेरचं सगळं उधळून जातं आणि आतला गाभा स्वतःतच दबतो. सूर्याहून जास्त वजन वीसेक किलोमीटरच्या गोळ्यात बसतं! एवढं आक्रसल्यावर तो गोळा जोरात फिरणारच. त्यातून रेडिओ लहरींचा झोत निघतो. कुणी अंधारात बॅटरी गोल फिरवावी तसा तो आपल्यावरून जातो, आणि दर फेरीला एक ठोका ऐकू येतो. याला पल्सार म्हणतात.

पहिला पल्सार १९६७ साली इंग्लंडात जोसलिन बेल या विद्यार्थिनीला सापडला. कागदाच्या लांबच लांब पट्ट्यांवरच्या रेघा तपासताना एक बारीकशी खूण तिच्या नजरेतून सुटली नाही. गटाचा हिशेब तपासणाऱ्या बाईला ही नजर ओळखीची वाटेल. त्या शोधाचं नोबेल १९७४ मध्ये मिळालं ते मात्र तिच्या मार्गदर्शकाला. तो विषय वेगळा, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

पल्सार जसा म्हातारा होतो तसा मंदावतो, आणि शेवटी गप्प होतो. पण १९८२ साली एक वेगळाच सापडला. सेकंदाला ६४२ फेऱ्या! तोवर माहीत असलेला सगळ्यात वेगवान पल्सार सेकंदाला तीसच फेऱ्या घेत होता. हा शोध डोनाल्ड बॅकर आणि त्यांच्या सोबत्यांनी लावला. त्या सोबत्यांत एक होते श्रीनिवास कुलकर्णी, तेव्हा अमेरिकेत शिकणारे. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडचा. हा तालुका लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गंमत अशी की हा पल्सार तरुण नव्हता, चांगला जुना होता. मग म्हातारपणी एवढा जोर आला कुठून? उत्तर जोडीदारात आहे. पुष्कळ तारे जोडीनं राहतात. एकाचा स्फोट होऊन पल्सार झाला, मंदावला. पुढं कधीतरी दुसरा तारा फुगतो आणि त्याचा वायू पल्सारकडं ओढला जातो. हा वायू सरळ खाली पडत नाही, गोल फिरत फिरत येतो आणि आपली गती पल्सारला देतो. थांबत आलेल्या जात्याच्या खुंट्याला बाजूनं पुन्हा पुन्हा हात द्यावा, तसं. कोट्यवधी वर्षं हात मिळाला की जातं भिंगरीसारखं फिरू लागतं.

आता आपली चांदणी. ती आपल्या महाराष्ट्रातूनच सापडली. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद गाव आहे. तिथं शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तारेच्या जाळीच्या ३० तबकड्या, एकेक दीडशे फुटांच्या आसपास रुंद, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. हे बोलणं तुमच्या रेडिओपर्यंत ज्या लहरींवर येतंय, त्याच जातीच्या लहरी त्या पकडतात. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, ती लोकांना पाहता येते.

अंतराळातल्या फर्मी दुर्बिणीला आभाळात एक ठिपका दिसला होता. खोडदच्या दुर्बिणीनं तिकडं कान लावला. भास्वती भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली जाहीर केलं, की तिथं सेकंदाला ४६० हून जास्त फेऱ्या घेणारी चांदणी आहे. तिचा जोडीदार हलका, वाळलेला. तीन तासांच्या आतच तो तिच्याभोवती एक फेरी पुरी करतो. दर फेरीला तो आड आला की ठोके काही वेळ बुडतात, कारण त्याच्या अंगावरून वायू उडत असतो. तिच्याच झोतानं तो झिजतो आहे. ज्यानं हात दिला, तोच आता विरत चालला आहे.

अशा चांदण्यांना शास्त्रज्ञ ‘ब्लॅक विडो’ म्हणतात. सरळ मराठीत काळी विधवा. हे एका कोळिणीचं नाव, ती कधीकधी नराला खाते म्हणून. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात बायांना हिणवायचं नसेल, हे आम्हाला कळतं. तरी हा कार्यक्रम तयार करताना ते नाव वाचलं आणि आमची बैठक गप्प झाली. आमच्यात एकट्या राहिलेल्या बाया आहेत. ‘हिनं नवऱ्याला खाल्लं’ हे शब्द त्यांनी सासरच्या ओसरीत ऐकले आहेत. कुणी हळदी-कुंकवाला बोलावत नाही. हप्ता मात्र पहिला त्यांचाच येतो. आणि आभाळातलं खरं पाहिलं तर कुणी कुणाला खात नाही. जोडीदार अजून आहे, फेऱ्या घेतो आहे. मग विधवा कोण?

त्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात शासनानं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. तुमच्या गावात ठराव झाला का, आणि झाला असेल तर तो कागदावरच आहे का, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. आम्हीही विचारणार आहोत.

शास्त्रज्ञांच्या वहीत त्या चांदणीचा नुसता आकडा आहे, जे १५४४+४९३७. आम्ही आमच्यापुरतं तिचं नाव भिंगरी ठेवलं आहे. तुम्हाला याहून चांगलं सुचलं तर केंद्रावर कळवा, पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.