बालवाडीतील पहिली पाच मिनिटे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील महिला परिषदेत केलेले भाषण)



तीस वर्षे बालवाडीत घालविलेल्या बाईने बालगीतांविषयी किंवा बालमनाविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु त्या विषयांवर अधिकाराने बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज अशा गोष्टीविषयी बोलणार आहे, जिच्याबद्दल आम्ही शिक्षिका सहसा गप्प बसतो. मूल बालवाडीत पडले, भाजले, त्याच्या घशात काही अडकले, तर डॉक्टरांचे हात लागेपर्यंत आम्ही काय करतो, आणि पुष्कळदा काहीच का करीत नाही, हा तो विषय.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मधल्या सुट्टीत मुले डबे खात होती. चार वर्षांचा एक मुलगा शेंगदाणे तोंडात टाकता टाकता हसला आणि एकाएकी गप्प झाला. रडणे नाही, खोकणे नाही; दोन्ही हात गळ्याशी, आणि ओठ निळसर होऊ लागलेले. माझ्या शेजारच्या बाईंनी त्याला पाणी पाजण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या एकीने घशात बोट घातले. मी स्वतः त्याच्या आईला फोन करण्यास धावले. तिघीही शिकलेल्या, तिघींपाशीही प्रमाणपत्रे. त्या वेळी आमच्या मावशी केर काढीत होत्या. त्यांनी केरसुणी टाकली, मुलाला पुढे वाकविले आणि तळहाताच्या मनगटाकडील भागाने त्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध जोराने थापा मारल्या. तिसऱ्या की चौथ्या थापेला दाणा बाहेर आला आणि मुलाने टाहो फोडला. त्या रडण्याइतका गोड आवाज मी आजतागायत ऐकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी पालक आले ते तक्रार घेऊन. मुलाच्या पाठीवर वळ उठले होते. आपल्या मुलाला एका मोलकरणीने मारले, एवढेच त्यांच्या मनाने घेतले होते. चालकांनी वाद नको म्हणून मावशींकडून लेखी माफी घेतली. मी सर्व डोळ्यांनी पाहिले होते, तरी त्या खोलीत मी तोंड उघडले नाही. महिनाअखेरीस मावशी काम सोडून गेल्या. हे मी आज येथे सांगते, कारण ते त्याच दिवशी सांगावयास हवे होते.

मावशींना हे आले कोठून? त्यांचे यजमान एका गिरणीत होते आणि तेथे प्रथमोपचाराचा वर्ग करून आले होते. घरी येऊन त्यांनी ते मुलांच्या पाठीवर गमतीने दाखविले होते. १९४८ च्या कारखाना अधिनियमात प्रत्येक दीडशे कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळण्यास प्रमाणपत्र असलेला जबाबदार माणूस असावा, अशी तरतूद होती. यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या जाणत्या माणसासाठी स्वातंत्र्यानंतर दुसऱ्याच वर्षी आपल्याला हे सुचले. आमच्या बालवाडीतही पेटी होती. तिची किल्ली मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाटात असे आणि कपाटाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे ते कोसबादच्या आदिवासी पाड्यांवर नेले, तेव्हा मुलाची आंघोळ, त्याची स्वच्छता आणि त्याचे शिक्षण यांत त्यांनी भेद केला नाही. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी जन्मली, आणि २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारच्या योजनेने ते नाव देशभर पोहोचविले. मुलाच्या शरीराची काळजी हे हलके काम आहे, असे त्या दोघींना कधी वाटले नसावे. आपल्या शहरी शिशुवर्गांत मात्र अक्षरे बाईंकडे आणि शरीर मावशींकडे अशी वाटणी झाली आहे. शिबिराचे निमंत्रण येते ते बाईंना. आणि मूल पडते तेव्हा जवळ असतात त्या मावशी!

त्या प्रसंगानंतर मी प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम रीतसर पुरा केला आणि मग ज्या ज्या बालवाडीत गेले तेथे विचारीत गेले, की अमुक झाले तर तुम्ही काय कराल? उत्तरे बहुधा दोन प्रकारची मिळतात. पहिला प्रकार घरगुती समजुतींचा. भाजले की शाई किंवा टूथपेस्ट लावायची. घोळणा फुटला की मान मागे टाकून डोक्यावर पाणी थापायचे. आकडी आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची आणि दातांत चमचा घालायचा. यांतील एकही उपाय करू नये. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे, गार पाणी वाहते ठेवावे. बर्फ, तूप, हळद काही नको. घोळणा फुटल्यास मुलाला बसवून पुढे झुकवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. थांबले का, हे मध्येच सोडून पाहू नये. मान मागे टाकली तर रक्त घशात उतरते. आकडी आलेल्या मुलाला कुशीवर वळवावे, भोवतालच्या वस्तू दूर कराव्यात, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळाकडे पाहावे. पाच मिनिटांत झटके न थांबले तर तत्काळ रुग्णालय गाठावे. कुत्रा चावला तर जखमेत हळद-तिखट भरण्याऐवजी ती साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस टोचून घ्यावी. हे ज्ञान अवघड नाही. एका दुपारी शिकता येते.

दुसऱ्या प्रकारचे उत्तर मला अधिक अस्वस्थ करते. "आम्ही हात लावणार नाही. आईला फोन करू. आमच्या हातून काही झाले तर कोण निस्तरणार?" ही अज्ञानाची भाषा नाही. असे बोलणाऱ्या बाईंना कित्येकदा योग्य उपचार ठाऊक असतो. त्यांना भीती असते ती आपली, पालकांची. श्वास कोंडला तर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. तेवढ्या वेळात आई कोणत्या रस्त्याने पोहोचणार? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून मिळते आणि तिला बोलाविलेच पाहिजे. पण ती येईपर्यंतची मिनिटे त्या खोलीतल्या माणसांचीच असतात. आणि आपण त्या माणसांना आधीच घाबरवून ठेवले आहे.

येथे मी थोडे कडू बोलते, क्षमा असावी. आपण पालक शाळेपासून गोष्टी लपवितो. प्रवेशपत्रिकेवर 'काही आजार' या रकान्यात 'नाही' लिहितो आणि मुलीला आकडी येते हे कोणास कळू देत नाही, कारण पुढे सोयरिकीत आड येईल. अहो, मुलगी साडेतीन वर्षांची आहे! सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या काही मुलांना तापात आकडी येते, आणि बहुतेकांची ती वयाबरोबर जाते. ती लपविल्याने सोयरीक वाचत नाही. फक्त बाईंच्या हाती वेळेवर माहिती राहत नाही, आणि मग चमचा येतो.

घशात अडकण्याविषयी पुन्हा सांगते, कारण ते वाचून होत नाही, हाताने करावे लागते. मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून पाठीवर पाच थापा. तेवढ्याने न निघाल्यास मागे उभे राहून बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके. पुन्हा थापा, पुन्हा झटके. पोटावरील दाबाची ही रीत डॉ. हेन्री हाइमलिक या अमेरिकन शल्यविशारदांनी १९७४ मध्ये मांडली. एक वर्षाच्या आतील बाळाला मात्र पोटावर दाबू नये. त्याला हातावर पालथे घेऊन पाठीवर थापा द्याव्यात आणि मग उताणे करून छातीच्या मध्यावर दाब द्यावा. दिसत नसलेल्या वस्तूसाठी घशात बोट फिरवू नये, ती अधिकच आत जाते. मूल बेशुद्ध झाले तर त्याला जमिनीवर निजवून छातीवरील दाब आणि कृत्रिम श्वास सुरू करावा लागतो. तो बाहुलीवर शिकल्यावाचून येत नाही. आणि डब्यात अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे देऊ नयेत. शेंगदाण्याचे कूट करण्यास फारसे कष्ट पडत नाहीत.

कार्यकारी मंडळापुढे माझ्या दोन मागण्या आहेत. आपल्या शिष्यवृत्ती निधीतून दरवर्षी काही रक्कम बालवाड्यांतील मावशींच्या प्रथमोपचार वर्गासाठी काढावी, मग त्या मावशी आपल्या ज्ञातीच्या असोत वा नसोत. आणि मंडळाने एक छोटे पत्र छापावे: 'आणीबाणीत आमच्या मुलावर प्रथमोपचार करण्यास आमची संमती आहे, सद्हेतूने केलेल्या उपचारात वळ उठला तरी आमची तक्रार नाही.' आपल्या सभासद कुटुंबांनी ते सही करून मुलाच्या बाईंना आणि मावशींना द्यावे. कायद्यापुढे ते किती टिकेल ते वकीलमंडळींनी पाहावे. मला ते मावशींच्या हाती पडावयास हवे आहे.

चहापानानंतर मागच्या दालनात दोन बाहुल्या ठेवल्या आहेत, एक तान्ह्या बाळाची आणि एक चार वर्षांच्या मुलाएवढी. जमिनीवर गुडघे टेकावे लागतील, तेव्हा भगिनींनी पदर खोचून यावे. पुरुष मंडळींनाही मज्जाव नाही.