समुद्रात उतरून पाहणारा शास्त्रज्ञ

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात विद्यार्थ्यांना प्रेरणा मिळेल अशा एखाद्या व्यक्तीविषयी बोलावे, अशी संस्थेची आज्ञा झाली. आपणांपैकी बहुतेकांनी ऐकले नसेल असे एक नाव मी आज निवडले आहे. ते म्हणजे ऑस्ट्रेलियाचे सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. चार्ली व्हेरॉन. प्रवाळांच्या अभ्यासासाठी त्यांनी आपले आयुष्य वेचले.

प्रथम प्रवाळ म्हणजे काय ते पाहू. अंगठीत बसवलेले तांबडे पोवळे आपण पाहिलेले असते. उर्दूत त्याला मर्जान म्हणतात. समुद्रात भिंती बांधणारे प्रवाळ हे त्याचेच दूरचे भाऊबंद. दिसायला झाड किंवा दगड, पण प्रत्यक्षात तो असंख्य चिमुकल्या प्राण्यांचा मोहल्ला असतो. हे प्राणी समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन आपले घर बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. प्राण्याने आसरा द्यायचा आणि शैवालाने सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून घरभाडे द्यायचे, असा हा व्यवहार आहे. प्रवाळांना मिळणारे रंगही बव्हंशी या शैवालामुळेच असतात. हजारो वर्षे घरावर घर चढत जाते आणि प्रवाळभित्ती तयार होते. आपल्या देशातील लक्षद्वीप बेटे अशीच बनलेली आहेत. समुद्रतळाचा एक टक्काही भाग या भित्तींनी व्यापलेला नाही, पण समुद्रातील सुमारे एक चतुर्थांश जीवजातींना त्यांचा आधार आहे.

चार्ली यांचा जन्म १९४५ साली सिडनी येथे झाला. त्यांचे खरे नाव जॉन. निसर्गाचे वेड पाहून शाळेतील बाईंनी या मुलाला कौतुकाने डार्विनच्या नावाने हाक मारली आणि ‘चार्ली’ हे नाव त्यांना जन्मभर चिकटले. पुढे माध्यमिक शाळेत मात्र त्यांची प्रगती यथातथाच होती. परीक्षेच्या गुणांवर त्यांचे भवितव्य ठरले असते, तर आज मला हे भाषण करण्याचे कारण उरले नसते. पण बुद्धीची पारख करणाऱ्या एका निराळ्या चाचणीतून त्यांना शिष्यवृत्ती मिळाली आणि विद्यापीठाचे दार उघडले. ते विद्यापीठ समुद्रापासून दूर, डोंगरपठारावरील आर्मिडेल गावात होते. तेथे त्यांनी कीटकांवर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली. समुद्रात बुडी मारण्याची कला ते केवळ हौसेने शिकले होते, आणि तीच हौस पुढे आयुष्याचे काम ठरली.

१९७२ साली टाउन्सव्हिल येथील जेम्स कुक विद्यापीठात त्यांना प्रवाळांच्या अभ्यासाचे काम मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळची ‘ग्रेट बॅरियर रीफ’ ही प्रवाळांची रांग सुमारे २,३०० किलोमीटर लांब आहे. तिच्यावर पूर्णवेळ संशोधन करणारे ते पहिले शास्त्रज्ञ होत. ऑस्ट्रेलियाच्या सागरी विज्ञान संस्थेतही नेमले गेलेले पहिले शास्त्रज्ञ तेच.

आता मी मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. त्या काळापर्यंत प्रवाळांचे वर्गीकरण मुख्यतः संग्रहालयांत होई. जहाजांवरून आणलेले वाळलेले सांगाडे टेबलावर मांडायचे, आकारात फरक दिसला की नवे नाव द्यायचे. ज्यांनी नावे दिली त्यांच्यापैकी अनेकांनी जिवंत प्रवाळ पाण्याखाली कधी पाहिलेच नव्हते. व्हेरॉन स्वतः पाण्यात उतरले. त्यांना दिसले की एकाच जातीचा प्रवाळ उथळ, खळबळत्या पाण्यात एक रूप घेतो, तर खोल, शांत पाण्यात दुसरेच. इतकेच काय, एकाच वसाहतीचा वरचा भाग आणि खालचा भाग वेगळा दिसू शकतो. म्हणजे पुस्तकात दोन नावांनी नोंदलेले प्राणी समुद्रात कित्येकदा एकच निघत.

मोठमोठ्या ग्रंथांत छापलेले जुळत नाही, असे म्हणायला धैर्य लागते. पण नुसत्या धैर्याने भागत नाही. व्हेरॉन यांनी वर्षानुवर्षे हजारो नमुने तपासले आणि खंडामागून खंड लिहून पुरावा मांडला. २००० साली ‘जगातील प्रवाळ’ या विषयावरील त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आज ज्ञात असलेल्या प्रवाळजातींपैकी सुमारे पाचव्या हिश्शाचे श्रेय त्यांना दिले जाते. इंडोनेशिया, फिलिपाइन्स, पापुआ न्यू गिनी या भागातील समुद्रात भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या ६०० च्या आसपास, म्हणजे जगातील सुमारे तीन चतुर्थांश जाती आहेत, हेही त्यांच्या व सहकाऱ्यांच्या कामातून स्पष्ट झाले.

आणि मग त्यांच्या वाट्याला दुःखाचे काम आले. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जरी अधिक तापले आणि आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ व शैवालाचा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरे पडतात, आणि पाणी लवकर निवले नाही तर मरतात. एवढी अफाट रीफ धोक्यात येईल असे पूर्वी व्हेरॉन यांनाही वाटत नव्हते. पुरावा समोर आल्यावर त्यांनी आपले मत बदलले, २००८ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि २००९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत जाहीर इशारा दिला. १९९८ ते २०२४ या काळात ग्रेट बॅरियर रीफवर सात वेळा मोठ्या प्रमाणात प्रवाळ पांढरे पडले. त्यांपैकी पाच वेळा २०१६ पासूनच्या नऊ वर्षांतल्या आहेत. ज्या माणसाने जन्मभर ज्यांची नावे लिहिली, त्यांचेच मरण त्याला डोळ्यांनी पाहावे लागले.

हे सारे दूरच्या देशातले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. मित्रांनो, संबंध आहे. लक्षद्वीपचे आपले भाऊ प्रवाळांनी बांधलेल्या जमिनीवर राहतात. भित्ती खचली तर लाटांना अडवणारे काही उरणार नाही. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. आपण हाजी अलीला जातो, त्या दर्ग्याजवळच्या खडकांवरही ते होते. २०२० साली मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी हाजी अली आणि वरळी येथील प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे हलवाव्या लागल्या.

पालकहो, मी भूगोल शिकवतो. दहावीच्या निकालानंतर घरोघरी काय बोलले जाते ते मी ऐकतो. गुण चांगले असले तर डॉक्टर किंवा इंजिनियर, कमी असले तर पासपोर्ट काढा. या दोन वाटांच्या मध्ये किती वाटा आहेत! गुणपत्रिका खोटी नसते, पण ती अपुरी असते. भरती-ओहोटीची वेळ आणि उधाणाचे दिवस ज्याला तोंडपाठ आहेत, जाळ्यातली प्रत्येक मासळी जो नावानिशी ओळखतो, त्या मुलाला आपण ‘ढ’ म्हणतो. त्याच्याजवळचे हे ज्ञान कोणत्या रकान्यात भरायचे? रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ही दारे आपल्या किनाऱ्यावरच आहेत. मुलांसाठी आहेत, तशी मुलींसाठीही आहेत. निदान ती कोठे आहेत एवढे तरी निकालाच्या दिवशी घरात माहीत असावे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, केवळ हौस पुरत नाही, हेही व्हेरॉन यांच्याकडून शिका. विज्ञान आणि गणित मनापासून करा, इंग्रजीला घाबरू नका, आणि जे पाहाल ते तारखेनिशी वहीत लिहून ठेवा. पुस्तकाचा मान राखा, पण डोळे उघडे ठेवा. प्रश्न पडला तर शिक्षकांना विचारा. आम्हाला उत्तर आले नाही तर आपण मिळून शोधू.