नियमाआधी पाहणी : धनंजयराव गाडगीळ यांचे काम

धनंजय रामचंद्र गाडगीळ (1901–1971) हे नाव नियोजन आयोगाच्या उपाध्यक्षपदामुळे आणि राज्यांना केंद्रीय मदत वाटण्याच्या ‘गाडगीळ सूत्रा’मुळे पाठ्यपुस्तकांत पोहोचले. मंडईच्या परिसरात शिकणाऱ्या मुलामुलींना मात्र त्यांची ओळख फळबाजारातून व्हायला हवी. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. 1930 मध्ये संस्था सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्यातील फळांच्या विक्रीची पाहणी प्रसिद्ध झाली. केंब्रिजला भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवर प्रबंध लिहिलेला अभ्यासक अडत्याच्या गाळ्याकडे वळला, हे फार मोलाचे आहे.

त्या काळी माल विकला गेला की शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडे. वर विक्रीची रक्कम, खाली अडत, हमाली, तोलाई, गाडीभाडे. उरे ते त्याचे. भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरला, तर वरची रक्कम खरी की खोटी हे त्याने पडताळायचे कसे? नियमनाची गरज नेमकी इथे उभी राहिली. मुंबई इलाख्यात 1939 मध्ये आणि महाराष्ट्रात 1963 मध्ये झालेल्या कायद्यांनी बाजार समित्या, परवाने आणि व्यवहारांवर देखरेख आणली.

मजुरीचा प्रश्न अधिक अवघड होता. वेतनाच्या नियमनावर गाडगीळांचे पुस्तक 1943 मध्ये आले, किमान वेतन कायदा 1948 मध्ये. पण या गाळ्यावरून त्या गाळ्यावर ओझे वाहणाऱ्या हमालाच्या मजुरीसाठी जबाबदार धरता येईल असा एक मालकच नव्हता. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी संघटना बांधल्या, आणि 1969 च्या माथाडी कायद्याने मालकाच्या जागी मंडळ उभे केले: नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी त्याच्यामार्फत. पाठीवरचे शंभर किलोचे पोते पन्नासावर यायला मात्र आणखी कित्येक वर्षे गेली. इतका उशीर होण्याला कोणतेही समर्थन नाही.

पाहणीविना केलेल्या नियमाचा अनुभव पुण्याला आधीच होता: 1897 च्या प्लेगात घराघरांत शिरून सक्तीने राबवलेले आरोग्यनियम पुण्याने सोसले होते. माणसे कशी राहतात हे न पाहता केलेला नियम लोक झुगारतात. गाडगीळांनी 1936-37 मध्ये हाती घेतलेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी उलट्या बाजूने गेली: आधी कुटुंबाची मिळकत, व्यवसाय, घर. तिचे दोन भाग 1945 आणि 1952 मध्ये छापले गेले.

पर्यावरणाचे नियमन त्यांच्या पुढच्या पिढीत आले. पुत्र माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने 2011 मध्ये डोंगररांगांची संवेदनशीलतेनुसार तीन श्रेणींत विभागणी सुचवली आणि प्रत्येक ठिकाणचे निर्बंध ग्रामसभांशी बोलून ठरवावेत, अशी शिफारस केली.