संशोधनाचे मोल आणि आपले घर

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



वैद्यकीय संशोधकाची थोरवी हल्ली आकड्यांनी मोजली जाते. किती शोधनिबंध प्रसिद्ध झाले आणि इतर संशोधकांनी त्यांचा किती वेळा आधार घेतला, हे पाहिले जाते. 2005 साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच-निर्देशांक’ सुचविला. एखाद्याच्या 40 निबंधांचा प्रत्येकी किमान 40 वेळा उल्लेख झाला असेल, पण 41 निबंधांबाबत तसे म्हणता येत नसेल, तर त्याचा निर्देशांक 40. आपल्या व्यापारी समाजाला हा हिशेब लगेच उमजेल! मात्र या खतावणीत खोडून काढण्यासाठी केलेला उल्लेखही जमेच्या बाजूलाच पडतो. शिवाय मधुमेहावर जगभर हजारो जण लिहितात. सातपुड्यातील आदिवासी बांधवांच्या सिकलसेलवर लिहिणारे थोडे. दोघांना एकाच तराजूत तोलणे न्यायाचे नव्हे.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे निबंध जगभर उद्धृत होतात. त्यांतील एक तर जेमतेम पानभराचा आहे. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे छापली. उंचीच्या मानाने वजन दाखविणारा निर्देशांक दोघांचाही 22.3, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह का गाठतो, याचे उत्तर शोधण्याची दिशा त्या एका चित्राने दाखविली.

त्या पानामागे खेड्यांतील दीर्घ परिश्रम उभे आहेत. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गरोदरपणाच्या आधीपासून नोंद ठेवली गेली. तेथील पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे स्नायूंनी आणि पोटाच्या घेराने पुष्कळ लहान होती, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. 2003 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मधुमेहाची बीजे मातेच्या उदरातच पडू शकतात, हा विचार त्यामुळे बळावला. पुढे त्याच मुलांना पुन्हा पुन्हा तपासले गेले. पिढीचा पाठपुरावा करणाऱ्या या चिकाटीचे मोल कोणत्या निर्देशांकात धरणार?

बंधू-भगिनींनो, आता आपल्या घराशी संबंधित गोष्ट. यांतील बहुसंख्य मातांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी आढळले. 2008 सालच्या निबंधात असे दिसले, की आईचे बी-12 कमी आणि फोलेट अधिक असेल, तर सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला शरीर दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक असते. एवढ्यावरून कोणत्याही भगिनीने फोलिक ॲसिडची गोळी बंद करू नये. बाळाच्या मज्जारज्जूसाठी ती आवश्यकच आहे. बी-12 चीही तपासणी व्हावी, एवढाच याचा अर्थ.

बी-12 धान्य, डाळी, भाजीपाल्यातून मिळत नाही. आपल्या शाकाहारात त्याचा आधार दूध, दही, ताक हाच. यावर कोणी म्हणेल, मग आयंबिलचे काय? नऊ दिवसांच्या ओळीने बिघडत नाही. यकृतातील साठा सहसा दीर्घकाळ पुरतो. पण ज्यांनी दूध कायमचे वर्ज्य केले आहे, तसेच मधुमेहासाठी जे मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेत आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारून रक्ततपासणी अवश्य करावी. या औषधानेही बी-12 घटते. कमतरता निघाल्यास गोळी किंवा इंजेक्शन मिळते. हे बी-12 सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने तयार करतात. गोळीचे वेष्टन मात्र काही वेळा जिलेटिनचे असते, तेवढे औषधविक्रेत्याला विचारून घ्यावे.

त्या सहा गावांतील मुले मोठी झाली, तेव्हा 2012 साली त्यांनाच बी-12 देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, हे पाहणारा प्रयोग सुरू झाला. आपल्या घरांत मात्र लग्न ठरले की पत्रिका पाहतात, सोने पाहतात. मुलीच्या रक्तातील बी-12 सासरी आणि माहेरी कोणीच पाहत नाही. जळगाव-धुळ्यात ही तपासणी सहज होते. ट्रस्टच्या पुढील आरोग्य शिबिरात विवाहयोग्य मुलींसाठी ती ठेवावी, अशी माझी विश्वस्तांना नम्र विनंती आहे.